छात्रसैनिकाचे पहिले विमान

१८७८ सालच्या शरद ऋतूतील एका संध्याकाळी अमेरिकेतील एक धर्मोपदेशक प्रवासाहून घरी आले. त्यांच्या हातांत काहीतरी लपविलेले होते. मुले पुढे धावली. परंतु ती वस्तू काय आहे हे त्यांना दिसण्यापूर्वीच वडिलांनी ती हवेत सोडून दिली. वस्तू खाली पडेल असे मुलांना वाटले. ती पडली नाही. भिरभिरत ती वर गेली, छताला टेकली, तेथे क्षणभर फडफडली आणि मग जमिनीवर आली. बूच, बांबू व कागद यांचे ते एक खेळणे होते आणि पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर त्याचे पंखे फिरत होते. थोरला मुलगा विल्बर त्या वेळी ११ वर्षांचा, म्हणजे तुमच्याच वयाचा होता. धाकटा ऑर्व्हिल ७ वर्षांचा. पुढे २५ वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, इंजिनाच्या शक्तीवर चालणारे व माणसाला घेऊन उडणारे विमान ज्यांनी यशस्वी रीतीने उडविले, ते राइट बंधू हेच.

ते खेळणे नाजूक होते. मुलांच्या हाती ते फार दिवस टिकले नाही. तेव्हा त्याबरहुकूम त्यांनी स्वतःच तशी खेळणी बनविण्यास आरंभ केला. ती चांगली उडत. मग त्यांना वाटले, हेच खेळणे आकाराने बरेच मोठे केले तर किती मौज होईल! त्यांनी मोठे खेळणे केले, आणि ते नीट उडेना. असे का व्हावे, हे त्या वयात त्यांना उमगले नाही. मुलांनो, तुम्हांला ते कदाचित या पाठाच्या अखेरीपर्यंत उमगेल.

आपल्या देशातील शाळा-महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्रसेनेची पथके आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेलच. १९४८ साली झालेल्या कायद्यान्वये ही सेना स्थापन झाली. १ एप्रिल १९५० रोजी तिचा हवाई विभाग सुरू झाला, आणि त्याची पहिली दोन पथके मुंबई व कलकत्ता येथे उभारण्यात आली. या विभागात नाव घातले की दुसऱ्या दिवशी विमानात बसावयास मिळेल, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. तसे घडत नाही. प्रथम कवायत असते, नकाशा वाचणे असते, ढग व वारा यांची ओळख असते, विमान हवेत कसे तरते याचे पाठ असतात. पुढे मोठ्या छात्रांना प्रशिक्षकाबरोबर लहानशा विमानातून उड्डाणाचा अनुभव घेण्याची संधीही मिळते. परंतु त्याआधी एक विषय असा येतो की, जो पाहून बाहेरच्या माणसाला हसू यावे. चांगली मिसरूड फुटू लागलेली मुले व कडक गणवेशातील मुली मैदानावर खेळण्यातली विमाने उडवीत असतात! या विषयाला विमानप्रतिकृतिशास्त्र म्हणतात. छात्र त्याला ‘एअरोमॉडेलिंग’ म्हणतात. हा केवळ करमणुकीचा प्रकार आहे असे समजणारे लोक आहेत. माझे मत तसे नाही, आणि ते का नाही हे सांगण्यासाठीच हा पाठ लिहिला आहे.

प्रतिकृती दोन प्रकारच्या. एक पाहण्याची, दुसरी उडण्याची.

पाहण्याची प्रतिकृती उडत नाही. परंतु ती मापाशी प्रामाणिक असावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे एका दृष्टिक्षेपात ओळखणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. ओळखण्यास उशीर झाला तर बाँब पडे; आणि घाईने चूक झाली तर आपल्याच वैमानिकावर तोफ डागली जाई. तेव्हा १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांना आवाहन केले, की निरनिराळ्या विमानांच्या सुमारे ५ लाख लाकडी प्रतिकृती आम्हांला करून द्या. मूळ विमानाच्या ७२ व्या हिश्शाएवढे त्यांचे माप ठरविले होते. आता यातील गंमत पाहा. अशी प्रतिकृती १० मीटर अंतरावर टांगली, तर ती ७२० मीटरांवरील खऱ्या विमानाएवढी दिसते. म्हणजे वर्गाच्या एका टोकाला प्रतिकृती टांगावी, दुसऱ्या टोकाला सैनिकाने उभे राहावे, की झाला आकाशाचा अभ्यास! पंखांची टोके गोल की चौकोनी, शेपूट एक की दोन, इंजिने किती, हे सारे त्याने क्षणात सांगावयाचे. शाळकरी मुलांच्या हातांनी तासलेल्या त्या लाकडाच्या तुकड्यांवर अशा रीतीने पुष्कळांची नजर तयार झाली. मुलाने पंख जाड ठेवला किंवा शेपटी आखूड कापली, तर शिकणाराची नजरही चुकीचीच तयार व्हावयाची. म्हणून मोजमापाच्या साच्यात न बसणारी प्रतिकृती परत केली जाई.

आता उडणाऱ्या प्रतिकृतीकडे वळू. तिच्यासाठी जगभर बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. हा वृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेतील असून इक्वेडोर देशात त्याची मोठी लागवड होते. एक घनमीटर सागवान वजनाला साडेसहाशे किलोग्रॅमच्या आसपास भरते, तर तेवढेच बाल्सा साधारण १६० किलोग्रॅम. इतके हलके असूनही ते बळकट असते. महायुद्धात इंग्लंडने ‘मॉस्किटो’ नावाचे जे वेगवान लाकडी विमान बांधले, त्याच्या धडात प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरले होते. छात्रसेनेच्या शिबिरात तुम्हांला हे लाकूड मिळेल. परंतु गावच्या शाळेत ते नसले, तरी अडून बसण्याचे कारण नाही. पहिले विमान करण्यास बांबूची एक कामटी, जाड कार्डाचा कागद, खराट्याच्या दोन काड्या, गोंद, दोरा आणि गणपतीच्या मूर्तीसाठी आणतात ती थोडी शाडूची माती, एवढे पुरते. लागतो तो वेळ.

कामटी ३० सेंटीमीटर लांब घ्या व काचेच्या तुकड्याने नव्हे, तर पॉलिश कागदाने ती सर्व बाजूंनी गुळगुळीत करा. हे विमानाचे धड. पंखासाठी ३० सेंटीमीटर लांब व ६ सेंटीमीटर रुंद अशी कार्डाची पट्टी कापा. शेपटीचा आडवा भाग १२ सेंटीमीटर लांब व ४ सेंटीमीटर रुंद असावा. उभा भाग ४ सेंटीमीटर उंचीचा पुरे. पंखाच्या पुढच्या कडेला आतून खराट्याची काडी चिकटवा, म्हणजे कागद लवणार नाही. काडी मध्यभागी तोडून तिचे दोन तुकडे करावे लागतील. कारण पंख सपाट ठेवावयाचा नाही. मध्यावर हलकीशी घडी घालून दोन्ही टोके मध्याच्या पातळीपेक्षा सुमारे अडीच सेंटीमीटर वर येतील असा तो दोन्हीकडून उचला, आणि घडीवर कागदाची पट्टी चिकटवून तो कोन पक्का करा. समोरून पाहिले असता पंख पसरट द्रोणासारखा दिसला पाहिजे. धडाच्या पुढच्या टोकापासून ८ सेंटीमीटर मागे पंखाची पुढची कड येईल असा पंख दोऱ्याने बांधा. शेपटी अगदी मागच्या टोकाशी चिकटवा. मागून पाहून पंख व शेपटी एकमेकांशी तिरकी नाहीत ना, याची खात्री करा. कागदाला पीळ बसला असेल तर तो आताच काढा. वाळल्यावर निघत नाही.

पंखाची टोके वर का उचलावयाची? वाऱ्याच्या झुळकीने विमान एका बाजूला कलले, की ते त्या बाजूकडे घसरू लागते. घसरताना खालच्या अंगाच्या पंखाला हवा अधिक तिरकी लागते, तो पंख वर लोटला जातो आणि विमान आपोआप सरळ होते. आत बसून तोल सावरणारा वैमानिक आपल्या विमानात नाही. तेव्हा त्याचे काम या द्रोणाच्या आकाराला करावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून २ सेंटीमीटर मागे, दोन्ही पंखांच्या खालच्या बाजूस पेन्सिलीने एकेक खूण करा. दोन बोटांची टोके त्या खुणांखाली ठेवून विमान उचला. ते मागे कलेल. नाकावर शाडूचा गोळा लावा आणि विमान बोटांवर आडवे, पातळीत राहीपर्यंत तो वाढवीत जा. या जागी विमानाचा गुरुत्वमध्य आला. हे काम उरकण्याची घाई करणारा मुलगा मैदानावर दिवसभर विमान उचलण्यासाठी धावत असतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

विमान सोडावयाचे ते पहाटे, वारा पडलेला असताना, गवताच्या मैदानावर. आकाशाकडे तोंड करून ते भिरकावू नका. खांद्याच्या उंचीवर धरा, नाक किंचित खाली असू द्या, आणि समोर २० पावलांवर जमिनीत एक भाला मारावयाचा आहे अशा बेताने, पण हलक्या हाताने, ते पुढे ढकला. नशीब थोर असेल तर ते सरळ तरंगत जाईल. बहुधा तसे होणार नाही.

ते एका बाजूला वळून पडले, तर कोठे तरी पंखाला पीळ आहे. ते नाक खाली करून जमिनीत घुसले, तर शेपटीच्या आडव्या भागाची मागची कड अगदी थोडी, नखभर, वर वळवा. हे दोष साधे आहेत. परंतु तिसरा एक प्रकार आहे व त्यावर थोडे थांबले पाहिजे. विमान हातातून सुटते, डौलाने वर चढू लागते. पाहणारे टाळ्या पिटतात. तोच ते हवेत जागच्या जागी थबकते, नाक एकदम खाली झुकते आणि ते धाडकन पडते. पुरेशी उंची असली तर पुन्हा वेग घेऊन वर चढते, पुन्हा थबकते, पुन्हा पडते; समुद्राच्या लाटेवर होडी हेलकावे खाते तसे. या थबकून पडण्याला वैमानिक ‘स्टॉल’ असे म्हणतात. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंखावरून वाहणारी हवा पंखाच्या पाठीला चिकटून जाते, तोवर पंख विमानाला उचलून धरतो. पंख हवेशी थोडा तिरका असला तर अधिक उचलतो. पण हा तिरकेपणा साधारण १५ अंशांच्या पुढे गेला, की हवा पंखाची पाठ सोडते, तिच्यात भोवरे उठतात आणि उचलणारे बल एकाएकी घटते.

आपल्या कागदी विमानावर उपाय सोपा आहे. नाकावर शाडूची चिमूट वाढवावी, किंवा शेपटीची कड किंचित खाली वळवावी. फार तर काय, पंख दुमडेल, कामटी मोडेल. दहा मिनिटांत नवी बसवू. पण हाच धडा माणसांनी कोणत्या किमतीला घेतला ते ऐका.

ऑटो लिलिएंथाल हा जर्मन अभियंता वेत व कापड यांचे पंख बांधून टेकडीवरून तरंगत खाली येई. त्याने अशी सुमारे दोन हजार उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेत असताना त्याच्या यंत्राचे नाक वर उचलले गेले, ते थबकले, आणि सुमारे १५ मीटर उंचीवरून तो खाली कोसळला. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. ही वार्ता अमेरिकेत राइट बंधूंच्या वाचनात आली आणि बालपणी त्या खेळण्याने जागे केलेले त्यांचे कुतूहल पुन्हा चेतले. त्या दोघांनी घाई केली नाही. १९०० साली त्यांनी आपले पहिले मोठे यंत्र बहुतेक वेळ माणसावाचून, पतंगासारखे दोरीने उडवून पाहिले. १९०१ साली त्यांनी एका लांबट लाकडी पेटीतून पंख्याने वारा सोडला आणि तीत पत्र्याचे सुमारे २०० चिमुकले पंख एकामागून एक बसवून प्रत्येकाची उचलण्याची शक्ती मोजली. माणूस हवेत नेण्यापूर्वी त्यांनी आपल्या चुका पेटीत करून घेतल्या, असेच म्हणावे लागेल.

स्टॉलचा हा धोका विमाने मोठी व वेगवान झाल्याने नाहीसा झालेला नाही. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसकडे निघालेल्या एका मोठ्या प्रवासी विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांत, अटलांटिक महासागरावर असताना, बर्फ साचला. वेगाचे आकडे विश्वासार्ह राहिले नाहीत. गोंधळलेल्या वैमानिकाने नाक वर खेचले आणि विमान खाली जाऊ लागले तरी बहुतेक वेळ ते वरच धरून ठेवले. इंजिने शेवटपर्यंत चालू होती. तरीही ते विमान ११,००० मीटरांहून अधिक उंचीवरून सुमारे साडेतीन मिनिटांत समुद्रात कोसळले, व त्यातील २२८ माणसे मृत्यू पावली. स्टॉलमधून सुटण्याचा मार्ग एकच: नाक खाली करावयाचे, म्हणजे हवा पुन्हा पंखाला चिकटते. जमीन अंगावर येत असताना नाक आणखी खाली करावयाचे, हे मनाला पटत नाही. हात आपोआप उलट वागतो. म्हणूनच प्रत्येक वैमानिकाकडून प्रशिक्षणात ही कृती वारंवार करवून घेतात. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने नाकावर माती वाढवून थबकणारे विमान सरळ तरंगताना पाहिले आहे, त्याला ही गोष्ट पुस्तकातून पाठ करावी लागत नाही.

दुरुस्ती करताना एक नियम पाळावा. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत टिपावा. माझ्या शाळेतील एका विद्यार्थिनीची वही मला चांगली आठवते. तिच्या विमानाची कारागिरी वर्गात मधली होती. परंतु तिने प्रत्येक फेकीचा दिवस, वेळ, वारा, केलेला बदल आणि पावलांनी मोजलेले अंतर लिहून ठेवले होते. ‘नाकावर हरभऱ्याएवढी माती वाढविली, थबकणे गेले, ९ पावले’ अशी तिची भाषा. शेजारच्या मुलाने एकाच वेळी माती वाढविली, शेपटी वळविली आणि पंख पुढे सरकविला. त्याचे विमान एकदा फारच सुरेख उडाले, आणि ते का उडाले हे त्याला कोणी विचारले तेव्हा तो निरुत्तर झाला.

वहीत एक साधे गणितही मांडता येते. विमान खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे समजा दीड मीटरवरून, सोडले आणि ते साडेसात मीटरांवर टेकले. साडेसातला दीडने भागा: पाच आले. म्हणजे एक मीटर खाली येईपर्यंत ते पाच मीटर पुढे जाते. माणूस बसून उडवितो त्या उत्तम ग्लायडरचा हाच आकडा चाळीस किंवा त्याहूनही अधिक असतो. आपले पाचाचे सहा झाले तरी त्या दिवशी शाळेत गूळ वाटण्यास हरकत नाही!

हे साधले की दुसरी पायरी म्हणजे रबराचे विमान. नाकाशी पंखा बसवावयाचा, धडाखाली रबराची पट्टी ताणावयाची आणि पंखा उलटा फिरवून तिला पीळ द्यावयाचा. ही युक्ती आल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच संशोधकाची. १८७१ साली त्याने पॅरिसच्या एका बागेत असे छोटे विमान लोकांसमोर ११ सेकंद उडवून दाखविले. राइट बंधूंचे पहिले यशस्वी उड्डाण १२ सेकंदांचे होते हे लक्षात घेतले, म्हणजे त्या ११ सेकंदांची योग्यता कळते. राइट बंधूंच्या वडिलांनी आणलेले खेळणेही पेनोच्याच धर्तीचे होते.

आणि आता ते कोडे. खेळणे मोठे केल्यावर का उडेना? एक चौकोनी डबी घ्या आणि तिची लांबी, रुंदी व उंची दुप्पट करा. तिच्या एका बाजूचे क्षेत्रफळ चौपट होईल; परंतु तिच्यात मावणारी माती आठपट होईल. विमानाचेही तसेच. सर्व मापे दुप्पट केली, तर त्याला उचलणाऱ्या पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दुप्पट भार आला. तो पेलण्यास अधिक वेग हवा, आणि तो देण्यास कितीतरी अधिक शक्ती हवी. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे ओढते आणि हत्तीला मात्र ते जमत नाही, यातही हेच गणित दडलेले आहे.

यापुढचा ‘कंट्रोल लाइन’ हा प्रकार छात्रसेनेच्या शिबिरात शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवितात. त्यात छोटे इंजिन असते. मैदानाच्या मध्यभागी उभा राहून छात्र मूठ धरतो. मुठीपासून दोन बारीक तारा विमानापर्यंत गेलेल्या असतात, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरते. मूठ तिरकी केली की शेपटीचा भाग वरखाली होतो आणि विमान चढते किंवा उतरते. फिरता फिरता चक्कर येते, ती पहिल्या आठवड्यापुरतीच. परंतु एक गोष्ट कधीही विसरू नये. त्या तारा पोलादाच्या असतात. जवळून विजेच्या तारा गेल्या असतील, तर त्या मैदानावर हे विमान मुळीच उडवू नये. स्पर्श झाला तर वीज तारेवाटे थेट हातात उतरते व ते प्राणावर बेतते. फिरणाऱ्या पंख्याजवळ बोट नेऊ नये, वर्तुळात कोणासही येऊ देऊ नये, आणि विमानतळाच्या आसपास तर कोणतेच विमान सोडू नये. रेडिओच्या लहरींनी चालणारी विमाने याच्या पुढची. त्यांचा खर्च व नियम दोन्ही मोठे आहेत.

मला मात्र दोरीवाचून व रेडिओवाचून मुक्त उडणारे विमानच अधिक प्रिय वाटते. ऊन तापले की नांगरलेल्या शेतावरची हवा गरम होऊन वर चढू लागते. घारी पंख न हलवता घिरट्या घालीत उंच जातात त्या याच हवेच्या आधाराने. चांगले जमलेले हलके विमान अशा हवेत सापडले, तर ते खाली येण्याचे नाव घेत नाही. ते वर वर जाते, ठिपक्याएवढे होते आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या गावाकडे निघून जाते. महिनाभर खपून केलेले विमान असे हातचे जाताना पाहणे मोठे कठीण. त्यावर विमानप्रतिकृती करणाऱ्या लोकांनी एक नामी युक्ती काढली. शेपटी मागे एका रबराच्या कड्याने खाली धरून ठेवावयाची आणि त्या कड्यात सावकाश धुमसणारी वात अडकवावयाची. ठरलेल्या वेळी वात कड्यापर्यंत पोचते, कडे जळते, शेपटी ताडकन वर उचलली जाते आणि विमान मुद्दामच स्टॉलमध्ये जाते. या वेळी ते धाडकन पडत नाही. शेपटी तशीच उभी राहत असल्याने ते पसरलेल्या छत्रीसारखे, आडवेच्या आडवे, हळूहळू खाली उतरते. आता वातीऐवजी चिमुकली घड्याळी यंत्रे वापरतात, व आपल्याकडे वाळल्या गवताच्या दिवसांत तेच अधिक बरे.

तरीही एखादे विमान सुटतेच. म्हणून पंखाच्या खालच्या बाजूस आपल्या शाळेचे नाव व पत्ता पक्क्या शाईने, ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवावा. शेतात काम करणाऱ्या माणसाला ते सापडले, तर त्याला तो वाचता आला पाहिजे.